सिंधचे स्त्रीराज्य

सिंध प्रांत १९३६ सालच्या १ एप्रिलला मुंबई इलाख्यातून विभक्त झाला. त्यापूर्वीची सुमारे नव्वद वर्षे हैदराबाद, कराची, शिकारपूर ही नावे सरकारी दप्तरांत ठाणे, सातारा, धारवाड यांच्याच पंक्तीला बसत आली होती. तरीही, नोकरीनिमित्त मुंबईच्या धक्क्यावरून कराचीच्या आगबोटीत चढलेले थोडे कारकून, शिक्षक आणि अभियंते सोडले, तर त्या प्रांताच्या घराघरांत काय चालले आहे याची वास्तपुस्त मराठी माणसाने फारशी केली नाही. म्हणूनच विभक्तपणानंतर दोनच वर्षांनी हैदराबाद सिंध येथे जो विलक्षण कलह पेटला, ज्याच्यापायी पंचायती बसल्या, फौजदारी खटले चालले आणि अखेरीस एका मंत्रिमंडळाचे आसन डळमळू लागले, त्याची हकीकत आपल्याकडे जवळजवळ अज्ञातच राहिली. नाथपंथी कथांतल्या स्त्रीराज्यात मच्छिंद्रनाथ गुंतून पडले आणि त्यांना सोडवून आणण्यासाठी गोरक्षनाथांना मृदंग वाजवीत तेथवर जावे लागले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. सिंधमधले स्त्रीराज्य असे दूरदेशीचे नव्हते, भर वस्तीत होते, आणि तेथून सोडवून आणायचे होते ते गुरूला नव्हे, तर लेकीसुनांना.

हैदराबाद हे गंजो टक्कर नावाच्या बोडक्या टेकडीवर वसलेले शहर. गुलामशाह कल्होडा याने १७६८ मध्ये येथे पक्का किल्ला बांधला, त्याच्या घराण्यामागून तालपूर मीरांचा अंमल झाला, आणि १८४३ मध्ये मियानीच्या लढाईनंतर शहरासकट सारा मुलूख इंग्रजांच्या घशात गेला. घरे दाटीवाटीची, उन्हाळा भयंकर, आणि प्रत्येक धाब्यावर नैऋत्येच्या वाऱ्याकडे तोंड करून उभा असलेला एकेक चौकोनी वातायन-स्तंभ, ज्याला तेथील लोक मंघ म्हणत. समुद्रावरून येणारा गार वारा त्या मंघातून थेट माजघरापर्यंत उतरे. बाहेरचे जग हैदराबादच्या गृहिणीपर्यंत पोहोचण्याचा तो एक निर्वेध मार्ग होता असे म्हटले, तर त्यात अतिशयोक्ती फार नाही.

या शहरातील हिंदूंचे प्रमुख थर दोन. पहिला आमिलांचा. हा शब्द आपल्या 'अंमल' आणि 'अंमलदार' यांचा सख्खा भाऊ, आणि ती माणसेही आपल्याकडच्या फडणीस-चिटणीसांच्या जातकुळीची: मीरांच्या दरबारी फारसी दप्तर सांभाळणारी, पुढे इंग्रजी शिकून वकील, मुन्सफ आणि कलेक्टर कचेरीतले हुद्देदार झालेली. दुसरा थर भाईबंदांचा, म्हणजे व्यापाऱ्यांचा. मीरांचे राज्य बुडाले तेव्हा दरबाराच्या आश्रयावर चालणारा सिंधी कारागिरांचा माल, भरतकाम, लाखकाम, रेशमी वस्त्रे, घेऊन हे भाईबंद मुंबईस आले. मुंबईत साहेबलोकांना तो माल भावतो असे दिसताच ते जहाजांवर चढले, आणि दोन पिढ्यांच्या आत कोबेपासून पनामापर्यंत त्यांच्या पेढ्या उभ्या राहिल्या. 'सिंध वर्क' या इंग्रजी शब्दांवरून त्यांना सिंधवर्की हे नाव पडले ते कायमचे.

या वैभवाची किंमत घरी बसलेल्या बायकांनी मोजली. पेढीवरचा गुमास्ता अडीच-तीन वर्षांच्या करारावर परदेशी जाई, करार संपल्यावर काही महिने घरी येई, आणि पुन्हा आगबोट पकडी. पत्नी हैदराबादेतच राही. आयुष्यभराचा हिशेब मांडला तर कित्येकींच्या वाट्याला संसाराची जेमतेम काही वर्षे येत. घरात पैसा होता, पडदा होता, सासू होती, आणि समोर लांबच लांब दुपार होती. त्यातून हुंड्याची चाल, जिला सिंधीत 'डेती-लेती' म्हणत, इतकी बोकाळली होती की १९३९ मध्ये सिंधच्या विधिमंडळाला तिच्या नियंत्रणासाठी स्वतंत्र कायदाच करावा लागला. बाहेर पडायला या स्त्रियांना एकच सबब लोकमान्य होती, आणि ती सत्संगाची. टिकाण्यात, म्हणजे तेथल्या देवस्थानात, ग्रंथसाहेब ऐकावा, दर्याशाहाला, म्हणजे सिंधूच्या देवाला, हात जोडावे, कोणा साधूच्या तोंडून गीता-भागवत ऐकावे. त्यावर कोणाचा आक्षेप नसे.

दादा लेखराज खूबचंद कृपलानी हे याच शहरातले जवाहिरे. कलकत्त्यास त्यांचा हिऱ्यांचा व्यापार होता, राजेरजवाडे त्यांचे गिऱ्हाईक होते, आणि वृत्तीने ते नारायणाचे भक्त व गीतेचे नित्य वाचक होते. उतारवयाकडे झुकताना त्यांना काही साक्षात्कार झाले अशी त्यांच्या पंथाची श्रद्धा आहे: विष्णूच्या चतुर्भुज रूपाचा, जगाच्या भयंकर संहाराचा, आणि त्यानंतर अवतरणाऱ्या सत्ययुगाचा. साक्षात्काराची शहानिशा करणे हे इतिहासलेखकाचे काम नव्हे. त्याने एवढेच नोंदवावे की १९३६ च्या सुमारास दादांनी व्यापारातून अंग काढून घेतले आणि हैदराबादच्या आपल्या घरी, ज्याला पत्नीच्या नावावरून यशोदा निवास म्हणत, सत्संग सुरू केला. आरंभी 'ॐ'चा दीर्घ उच्चार होई, मग गीतेवर निरूपण. ऐकता ऐकता काही स्त्रिया आणि मुली ध्यानावस्थेत जात, त्यांना कृष्णाचे दर्शन होई, वैकुंठातील रासक्रीडा दिसे, आणि भानावर आल्यावर त्या पाहिलेले सांगत. ही वार्ता एका माजघरातून दुसऱ्या माजघरात गेली, आणि थोड्याच महिन्यांत त्या घरात पाय ठेवायला जागा मिळेना. येणाऱ्यांत बहुसंख्य भाईबंदांच्या स्त्रिया होत्या. मेळाव्याला नाव पडले ओम मंडली.

मराठीत आपण 'ओम मंडळी' म्हणू, आणि म्हटल्यावर क्षणभर हसू. कारण आपल्याकडचा जुन्या पिढीचा गृहस्थ स्वतःच्या पत्नीचा उल्लेख 'आमची मंडळी' असाच करी. हैदराबादच्या सिंधवर्क्यांची तक्रार नेमकी हीच होती की त्यांची मंडळी ओमची झाली.

या सत्संगाचे तत्त्वज्ञान त्या आरंभकाळी पुढच्याइतके रेखीव नव्हते. निराकार शिव हा परमात्मा आणि जीव त्याहून वेगळा, ही पुढे स्थिरावलेली मांडणी तेव्हा झालेली नव्हती; भर होता 'ॐ म्हणजे मी आत्मा' या अद्वैतवजा घोषावर, आणि स्वतः दादांकडे लोक प्रजापती ब्रह्मा म्हणून पाहत. परंतु एक गोष्ट पहिल्यापासून स्पष्ट होती. देव्हाऱ्यातल्या देवीची पूजा येथे नव्हती. समोर बसलेली मुलगी हीच शक्ती, हीच जगदंबा, हीच उद्याच्या सत्ययुगाची देवी, असे तिला रोज सांगितले जाई, आणि त्या पदाला साजेसे वागण्याची तिच्याकडून अपेक्षा केली जाई. आपल्या घरांतही नवरात्रात कुमारिकेला पाटावर बसवून तिचे पाय धुतात, तिला वस्त्र देतात, तिच्यापुढे वडीलधारे वाकतात, आणि दसरा उलटला की त्याच पाटावर बसून जेवणाऱ्यांना वाढायचे काम तिच्याकडे येते. ओम मंडळीत पाटावरून उतरण्याची ती वेळ आलीच नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे पुढच्या साऱ्या गदारोळाचे बीज त्यात आहे.

देवीपणाची पहिली अट ब्रह्मचर्य. कामविकाराला येथे विष म्हणत आणि ज्ञानाला अमृत. अमृत प्यालेली पुन्हा विष घेणार नाही, हे व्रत कुमारिकांप्रमाणेच विवाहितांनीही घेतले. दागिने उतरले, पांढरी साधी वस्त्रे आली, कांदा-लसूण व मांसमासळी सुटली. जेथे घरोघर पल्ला मासा हा जिवाभावाचा पदार्थ, त्या सिंधमध्ये हा शेवटचा नियमही लहान नव्हता.

दुसरे पाऊल दादांनी उचलले ते व्यवहारातले, आणि ते मला साक्षात्काराहून अधिक आश्चर्याचे वाटते. १९३७ च्या ऑक्टोबरात त्यांनी संस्थेची एक व्यवस्थापक समिती नेमली, ती सर्वस्वी स्त्रियांची. आणि पुढे आपली मालमत्ताही तिच्या स्वाधीन केली. समितीची प्रमुख होती राधे पोकरदास राजवाणी, वय अठराच्या आसपास, आवाज गोड, बुद्धी तीक्ष्ण. सत्संगात ती ओम राधे या नावाने ओळखली जाई आणि पुढे पंथात 'मम्मा' व 'जगदंबा सरस्वती' या नावांनी. ज्या समाजात सोन्याच्या बांगडीवरदेखील स्त्रीचा हक्क सासूच्या मर्जीने चाले, तेथे एका धनाढ्य जवाहिऱ्याने जमीनजुमला आणि रोकड यांची कुलमुखत्यारी अविवाहित मुलींच्या हाती द्यावी, हे पंचायतीच्या दृष्टीने धर्मद्रोहापेक्षा भयंकर होते. धर्मद्रोही साधू सिंधने बरेच पाहिले होते. किल्ल्या वाटणारा सावकार पाहिला नव्हता.

मुलांसाठी ओम निवास या नावाने वसतिगृहयुक्त शाळा निघाली. लहान लहान मुली तेथे राहू लागल्या, शिकवणाऱ्याही मंडळीतल्याच. ओम राधे कायद्याच्या बाबतीत सावध होती असे दिसते, कारण येणाऱ्या प्रत्येक मुलीने आणि सुनेने घरच्या कर्त्या पुरुषाची लेखी परवानगी आणावी, आपली मुलगी वा पत्नी ज्ञानामृत पिण्यास जाते त्यास माझी संमती आहे अशा आशयाची चिठ्ठी आणावी, असा दंडक तिने घातला. आणि कित्येक पित्यांनी, नवऱ्यांनी अशा चिठ्ठ्या लिहूनही दिल्या. त्यांना तेव्हा हा सत्संगच वाटत होता.

मग परदेशीचे करार संपले आणि नवरे परत आले.

घरात शिरल्यावर त्यांना जी पत्नी भेटली तिचे वर्णन त्या काळच्या तक्रारींतून जागोजाग सापडते: पांढऱ्या वस्त्रातली, शांत, आदराने वागणारी, आणि शय्यागृहाचे दार बंद ठेवणारी. कोणी समजावले, कोणी कोंडले, कोणी मारले. कित्येक मुलींना घरी बेदम मार बसला हे निर्विवाद आहे. पण नवऱ्याची बाजूही क्षणभर ऐकावी. तीन वर्षे परमुलखात राबून तो ज्या संसाराकडे आला होता, तो त्याला न विचारता मोडीत निघाला होता, आणि दोष द्यायला समोर होता एक श्रीमंत प्रौढ पुरुष, ज्याच्या घरी शहरातल्या तरुण मुली दिवसरात्र जात होत्या. मंत्रतंत्र, संमोहन, अनाचार असे सारे आरोप झाले. त्या काळच्या हैदराबादेत ते न होते तरच नवल.

आपल्या वाचकांना येथे रखमाबाईची आठवण होईल. नवऱ्याच्या घरी जाण्यास तिने नकार दिला तेव्हा मुंबईच्या हायकोर्टात १८८४ पासून चार वर्षे दावा चालला, आणि एका टप्प्यावर 'नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात' असा निवाडा तिला ऐकावा लागला. रखमाबाई एकटी होती. हैदराबादेत एकाच वेळी अनेक रखमाबाया निघाल्या, आणि त्यांच्या पाठीशी घर, पैसा आणि ईश्वराचा कौल होता.

भाईबंदांच्या पंचायतीचा प्रमुख, ज्याला मुखी म्हणत, तो मंघाराम. त्याच्या पुढाकाराने 'अँटी ओम मंडली कमिटी' निघाली आणि १९३८ च्या २१ जूनला तिच्या माणसांनी मंडळीच्या वास्तूसमोर धरणे धरले. आत जाणाऱ्या स्त्रियांची वाट अडवली, शिवीगाळ झाली, इमारतीला आग लावण्याचा प्रयत्न झाला, पोलिसांनी धरपकड केली. सरकारने दोन्ही पक्षांवर फौजदारी कारवाई सुरू केली, आणि १६ ऑगस्टला मंडळीच्या सभांवर बंदीचा हुकूम निघाला. हुकमाविरुद्ध अपील झाले आणि २१ नोव्हेंबरला तो उठला. परंतु तोवर दादांनी हैदराबाद सोडून कराची गाठण्याचे ठरवून टाकले होते. सुमारे तीनशे माणसे, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले, कराचीस गेली.

कराचीतही शांतता लाभली नाही. १९३९ च्या १८ जानेवारीला बारा व तेरा वर्षांच्या दोन मुलींच्या आयांनी तेथील न्यायाधीशापुढे अर्ज केला की आमच्या मुली मंडळीत अडकवून ठेवल्या आहेत. लक्षात घ्यावे, अर्ज आयांचा होता. स्त्रीराज्याविरुद्ध फिर्याद घेऊन आल्या त्याही स्त्रियाच होत्या. न्यायालयाने मुली आयांच्या हवाली करण्यास सांगितले, ओम राधे वरच्या न्यायालयात गेली, आणि तेथेही तोच निर्णय कायम झाला. मंडळीविषयी कितीही सहानुभूती असली तरी या प्रकरणात मला न्यायालयाचेच म्हणणे बरोबर वाटते. अठरा वर्षांच्या मुलीने नवरा नाकारणे वेगळे, आणि बारा वर्षांच्या मुलीने आई नाकारणे वेगळे. वैकुंठाचे दर्शन झाले म्हणून अज्ञान मुलगी सज्ञान होत नाही. मात्र हेही सांगितले पाहिजे की त्यांतल्या एका मुलीच्या आईवडिलांचे मन पुढे वळले आणि त्यांनी आपण होऊन तिला मंडळीत राहू दिले.

विरोधकांना आता एक मोठे नाव मिळाले. साधू टी. एल. वासवानी हे नुसते साधू नव्हते. महाविद्यालयांचे प्राचार्यपद भूषवलेले विद्वान होते, आणि १९३३ मध्ये हैदराबादेतच त्यांनी मीरेच्या नावाने मुलींच्या शिक्षणाची चळवळ सुरू केली होती. फाळणीनंतर ते पुण्यास आले, आणि पुण्यातील सेंट मीराज् ही संस्था त्यांचीच, म्हणून आपल्याला ते परके नाहीत. अशा पुरुषाने कराचीत ओम मंडळीविरुद्ध निदर्शनांचे नेतृत्व करावे आणि त्यापायी अटक पत्करावी, हे पाहून प्रथम चमकायला होते. ज्या मीरेने राणाजीचा महाल सोडून साधुसंगत धरली, तिच्याच नावाची चळवळ चालवणाऱ्याने घर सोडणाऱ्या मुलींना अडवावे ना! परंतु विचार केला म्हणजे कोडे उलगडते. वासवानींची मीरा शिकून, शुद्ध होऊन, घराला उजळवणारी होती. ओम राधेची मीरा परत येणारीच नव्हती. आपल्याकडेही पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाला ज्या सुधारकांनी आधार दिला, त्यांतल्याच कित्येकांनी १८९३ मध्ये, मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात असे दिसताच, हात काढून घेतला आणि पालकांनी मुली नेल्या. स्त्रियांच्या उद्धाराचा मार्ग कोणता आणि त्याचा मुक्काम कोठे, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे राहील तोवरच सुधारक उदार असतो.

प्रकरण आता राजकारणात शिरले. सिंधच्या विधानसभेत जागा साठ. १९३८ च्या मार्चपासून मुख्य प्रधान होते अल्लाबक्ष सूम्रो, आणि त्यांचे मंत्रिमंडळ हिंदू सभासदांच्या पाठिंब्यावर तगलेले. मंडळी बंद करा, नाहीतर राजीनामे घ्या, असा धाक त्या सभासदांनी घातला आणि प्रधानांपुढे पर्याय उरला नाही. १९३९ च्या वसंतात सरकारने १९०८ सालच्या फौजदारी सुधारणा कायद्याचे सोळावे कलम उपसले आणि ओम मंडळी ही 'बेकायदा संघटना' ठरवली. ज्या साली लोकमान्यांना मंडालेस धाडले त्याच सालचा हा कायदा. बाँबवाल्या क्रांतिकारकांच्या गुप्त मंडळ्या मोडण्यासाठी तो केलेला, आणि बंगालच्या अनुशीलन समितीवर चालवलेला. तो एकतीस वर्षांनी पहाटे उठून 'ॐ' म्हणणाऱ्या मुलींवर चालावा, यातली विसंगती ओम राधेच्या नजरेतून सुटली नाही; त्याच वर्षी तिने कराचीत एक इंग्रजी पुस्तक छापून काढले, त्याचे नाव 'हा न्याय आहे काय?' या अर्थाचे होते, आणि पत्रे, हुकूम, चिठ्ठ्या यांची सारी कागदोपत्री कैफियत तिने त्यात मांडली. वीस वर्षांची मुलगी सरकारला दस्तऐवजांनी उत्तर देते, हे आमिलांनादेखील हेवा वाटावा असे कारकुनी कर्तृत्व होय.

बंदीची अंमलबजावणी कधीच कसोशीने झाली नाही. त्या शरदात सक्करच्या मंझिलगाह मशिदीचा तंटा उभा राहिला, नोव्हेंबरात दंगली पेटल्या, संतगायक भगत कंवरराम यांचा खून झाला, आणि सिंधच्या राजकारण्यांना ओम मंडळीकडे पाहायला वेळ उरला नाही. बाहेरच्या जगाने मंडळीला विसरणे हे मंडळीला मानवले.

कराचीतला पुढचा दशकभराचा काळ हा या स्त्रीराज्याचा खरा संसार. पंथातले लोक हैदराबादपासूनचा सारा काळ एकत्र धरून त्याला चौदा वर्षांची तपस्या म्हणतात, आणि चौदा हा आकडा ऐकताच आपल्यालाही वनवास आठवतो. वनवासाइतकाच तो बंदिस्त होता. भाड्याचे काही बंगले, लहान मुलांची वेगळी वास्तू, भोवती कुंपण. पहाटे चारच्या आगेमागे, ज्याला ते अमृतवेळा म्हणत, सारे उठत आणि स्तब्ध बसत. नंतर दादांचे निरूपण होई. कृष्णाच्या बासरीवरून त्याला 'मुरली' असे नाव होते. त्यानंतर दिवसभर काम. दळणे, रांधणे, धुणे, शिवणे, मुलांना शिकवणे, आजाऱ्यांची शुश्रूषा, इतकेच काय जोडे शिवण्यापर्यंतची सारी कामे मंडळीत घरच्या घरीच होत. ज्या बायकांच्या घरी नोकरचाकर राबत होते त्यांनी ही कामे वाटून घेतली. मोलकरणीचे काम आणि मालकिणीचे काम असा भेद राहिला नाही, हे त्या काळच्या सिंधमध्ये ब्रह्मचर्याइतकेच अघटित होते.

या काळात नावे बदलली. ध्यानावस्थेत जाणाऱ्या काही मुली 'संदेशी' म्हणून मानल्या जात. त्या वरून निरोप आणत, आणि त्या निरोपांतून नवी नावे आली. रमा ही प्रकाशमणी झाली, गोपी ही मनमोहिनी, आणि ओम निवासात आठ-नऊ वर्षांची असताना आलेली शोभा ही हृदयमोहिनी. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल सिंधमध्ये आहे तशी आपल्याकडेही आहे; तेथे नवे नाव नवरा किंवा सासर देते. येथे ते एका मुलीने डोळे मिटून दुसरीला आणून दिले.

पुरुषही थोडे होते, काही पूर्ण कुटुंबेही होती. पतिपत्नी तेथे बहीणभाऊ म्हणून राहत, आणि स्वतः दादांच्या पत्नी यशोदा याही मंडळीतल्याच एक झाल्या होत्या. कारभाराची शिस्त ओम राधेकडे. कोणाचे काय चुकले, कोणाला काय काम, तिजोरीत काय उरले, हे तिला विचारायचे. तरीही या राज्याचे वर्णन करताना एक गोष्ट झाकून चालणार नाही: कारभार स्त्रियांचा असला तरी वाणी पुरुषाची होती. मुरली बोलणारे दादा, अर्थ सांगणारे दादा, आणि किल्ल्या दिल्या तेही दादांनीच. ज्याला देता येते त्याला काढूनही घेता येते, असे कोणी म्हणेल. पण त्यांनी त्या कधी परत मागितल्या नाहीत, हेही त्याच दमात सांगावे लागते.

फाळणी झाली. १९४७ च्या अखेरीस आणि १९४८ च्या ६ जानेवारीच्या कराचीतील दंगलीनंतर सिंधी हिंदूंचा लोंढा आगबोटींनी मुंबईकडे, काठेवाडकडे निघाला. ज्या पंचायतीने लेकींना घरी आणण्यासाठी आकाशपाताळ एक केले होते तिची घरेच गेली, आणि पनामा-कोबेपर्यंत पेढ्या असलेल्या शहरातले लोक कल्याणजवळच्या लष्करी बराकींत, जेथे पुढे उल्हासनगर वसले, ताडपत्रीचे आडोसे करून राहू लागले. मंडळी मात्र हलली नाही. संहाराची वाट पाहत बसलेल्यांना त्या संहाराने फारसे अस्वस्थ केले नसावे. १९५० च्या उन्हाळ्यात ती निघाली: कराचीहून बोटीने ओखा बंदर, तेथून रेल्वेने अबूरोड, आणि वर अबूच्या पहाडावर भरतपूरच्या महाराजांची भाड्याने घेतलेली ब्रिजकोठी. त्याच वर्षीच्या जानेवारीत सिरोही संस्थानाची फाळणी होऊन अबूचा भाग मुंबई राज्याला जोडलेला होता. म्हणजे मुंबई इलाख्यातून सिंधबरोबर बाहेर पडलेली ही माणसे चौदा वर्षांनी, न ठरवता, पुन्हा मुंबईच्याच हद्दीत येऊन पोहोचली.

अबूवर पैसा संपला. जवाहिऱ्याची पुंजी तीनशे माणसांच्या पंधराएक वर्षांच्या पोटापुढे टिकली नाही, आणि डोडो, म्हणजे सिंधी पद्धतीची जाड भाकरी, आणि ताक यांवर दिवस काढावे लागले. त्या दिवसांना पंथात अजून 'बेगरी'चे दिवस म्हणतात. त्या ओढगस्तीनेच कुंपण मोडले. १९५२ च्या सुमारास दोन-दोन, तीन-तीन बहिणी दिल्लीकडे, कानपूरकडे, मुंबईकडे बाहेर पडल्या; ज्या मुलींना सत्संगाला जाण्यासाठी एकेकाळी बापाची चिठ्ठी लागत होती, त्या अनोळखी शहरांत एकट्या उतरून, कोणाच्या ओसरीवर, कोणाच्या माडीवर वर्ग घेऊ लागल्या. प्रकाशमणी यांनी काही वर्षे मुंबईच्या केंद्रांची सूत्रे सांभाळली. मुंबईत त्यांच्या वर्गाला येणाऱ्यांत निर्वासित सिंधी होते.

ओम राधे १९६५ च्या २४ जूनला गेली, पन्नाशीही न गाठता. दादा १९६९ च्या १८ जानेवारीला गेले, आणि कारभार प्रकाशमणी व मनमोहिनी या दोघींकडे आला. वारसाचा वाद निघाला नाही, कारण कारभारापुरते वारस ठरून तीस वर्षे उलटून गेली होती. प्रश्न उरला होता तो वाणीचा. मुरली कोण बोलणार? पंथाची श्रद्धा अशी की दादा देहाने गेले तरी अव्यक्त रूपाने बोलत राहिले, आणि बोलण्यासाठी त्यांनी एक मुख निवडले. वर्षातून नेमल्या दिवशी अबूच्या सभागृहात हजारो माणसे स्तब्ध बसत, व्यासपीठावर पांढऱ्या साडीतली एक स्त्री डोळे मिटून घेई, आणि बऱ्याच वेळाने तिचे ओठ हलू लागत. ती हृदयमोहिनी होती. तीस वर्षांपूर्वी हैदराबादच्या ओम निवासात शिकायला आणून ठेवलेली शोभा.